आधी बिघडणारा भाग आधी हाताला लागावा: दुरुस्त होणारी उपकरणं कशी घडवायची?

चिमटा (धागाकर्ता)

ई-कचऱ्याचा विषय निघाला की चर्चा हमखास जुनी उपकरणं गोळा कशी करायची आणि त्यातून धातू कसे काढायचे याकडे वळते. ते काम गरजेचं आहे, पण फार उशिराचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. २०३० पर्यंत वर्षाचा आकडा ८.२ कोटी टनांवर जाईल असा अंदाज आहे. गोळा करणाऱ्यांनी कितीही धावपळ केली तरी ढीग त्यांच्या पुढेच पळतोय.

मी उपकरणांच्या रचनेचं काम करतो. बाहेरचं कवच कसं असेल, आत बोर्ड कुठे बसेल, कुठे स्क्रू लावायचा आणि कुठे गोंद, हे ठरवणं माझ्या कामात येतं. वस्तू किती लवकर कचऱ्यात जाणार हे ती दुकानात पोचायच्या कितीतरी आधी ड्रॉइंगवर ठरून गेलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी हा धागा काढतोय.

उपकरण मरतं कशानं ते आधी बघू. झिजणारे भाग मोजकेच असतात: बॅटरी, चार्जिंगचा पोर्ट, बटणं, पंखा, बिजागरी, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे भाग). वॉशिंग मशीन असेल तर बेअरिंग. प्रोसेसर, मेमरी, रेझिस्टर ही मंडळी नीट वापरली तर दशकभर आरामात चालतात. म्हणजे आतल्या बहुतांश भागांत काहीच दोष नसताना एका बॅटरीपायी सगळं भंगारात जातं. मग रचना करताना पहिलं काम काय असायला हवं? कोणता भाग आधी जाणार, कोणता नंतर, हा क्रम लिहून काढायचा आणि उपकरण उघडण्याचा क्रम त्याच्याशी जुळवायचा. बाजारातल्या बऱ्याच फोनमध्ये नेमकं उलटं दिसतं. बॅटरी सगळ्यात खाली, चिकटवलेली. तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी डिस्प्ले काढा, जो सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महाग भाग.

एक निर्णय जवळून दाखवतो. यूएसबी-सी पोर्ट साधारण दहा हजार वेळा पिन आत-बाहेर करायला टिकेल असा बनवतात. कागदावर भरपूर आहे. पण प्रत्यक्षात वायर आडवी ओढली जाते, आत कापसासारखी धूळ दाबून बसते, ओल जाते. आता हा पोर्ट मुख्य बोर्डवर थेट सोल्डर केलेला असेल तर तो बदलायला हॉट एअर, मायक्रोस्कोप आणि स्थिर हात लागतो. शेजारचे प्लॅस्टिकचे कनेक्टर वितळण्याची भीती वेगळीच. हाच पोर्ट एका छोट्या वेगळ्या बोर्डवर ठेवून पट्टीने मुख्य बोर्डला जोडला, तर दोन-चार स्क्रू काढून नवा बसतो. बाहेरून दोन्ही फोन सारखेच दिसतात. फरक एका छोट्या बोर्डचा आणि एका कनेक्टरचा.

दुसरी गोष्ट स्क्रूंची. प्लॅस्टिकच्या खांबात थेट आटे पाडत जाणारा स्क्रू कारखान्यात एकदा बसवायला उत्तम. पण तोच चार-पाच वेळा काढला-लावला की प्लॅस्टिकचे आटे जातात आणि झाकण खिळखिळं होतं. त्या खांबात पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) बसवला तर तेच झाकण वर्षानुवर्षं उघडता येतं. शिवाय स्क्रू शक्यतो एकाच लांबीचे हवेत. पाच लांब्यांचे स्क्रू वापरले की कधीतरी लांबडा स्क्रू आखूड भोकात जातोच, बोर्डचे थर भेदतो आणि आतले वीज नेणारे धागे तुटतात. दुरुस्तीला आलेलं उपकरण दुरुस्तीतच मरतं. ही चूक कारागिराच्या नावावर खपते, पण ती मुळात ड्रॉइंगची आहे.

आणि गोंद. लिथियम बॅटरीचं पाऊच चिकटवलेलं असेल तर ते पात्याने उचकटावं लागतं. ते वाकलं किंवा आतला पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट, आणि मग धूर किंवा आग. यावर उपाय निघालेले आहेत. ओढली की ताणत सुटणारी पट्टी बरीच वर्षं वापरात आहे. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये नऊ व्होल्टची बॅटरी जोडली की दीडेक मिनिटात सुटणारा गोंद आला. म्हणजे जमत नाही असं नाही.

इथे दुरुस्ती करणारे, सॉफ्टवेअरवाले, कारखान्यात काम करणारे असे बरेच जण आहेत. तुमच्या बाजूने हे कसं दिसतं ते लिहा.

अनघा_पी

छान विषय. मी या क्षेत्रातली नाही म्हणून सरळच विचारते. इतकं सगळं माहीत असताना कंपन्या चिकटवतात का? नवा फोन खपावा म्हणून? आणि "पाण्यापासून वाचवायला गोंद लागतोच" असं जे सांगतात ते खरं आहे का?

हेमंतऋतू

अनघा, मी जुळणीच्या बाजूने काम केलंय, तर ती बाजू मांडतो.

गोंदामागे दर वेळी लबाडी नसते. यंत्राला गोंदाची रेघ मारायला क्षणभर लागतो, दहा स्क्रू पिळायला कितीतरी जास्त. प्रत्येक स्क्रूला खांब लागतो, खांबाला जागा लागते आणि ती जागा बॅटरीच्या वाट्यातून जाते. चिकटवलेला डिस्प्ले संपूर्ण चौकटीला ताठपणा देतो, फोन पडला की धक्का सगळीकडे पसरतो. त्यामुळे पडण्याच्या चाचणीत चिकटवलेलं मॉडेल बरेचदा चांगलं निघतं. लॅपटॉपची मेमरी सोल्डर करतात त्यालाही कारण आहे. कमी वीज खाणारी मेमरी फार वेगाने बोलते, प्रोसेसर आणि तिच्यातलं अंतर अगदी कमी असावं लागतं. जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीला ते झेपत नव्हतं.

प्रत्येक ठिकाणी कंपनीचा दुष्टपणा शोधायला गेलं की खरी कारणं नजरेतून सुटतात, आणि ती सुटली की उपायही सुटतो.

पण एक गोष्ट मान्यच करायला हवी. कामाच्या सुरुवातीला गरजांचा एक कागद बनतो. त्यात जाडी असते, वजन असतं, किती उंचीवरून पडून टिकावं ते असतं, पाण्याची पातळी असते, जुळणीला किती सेकंद लागावेत तेही असतं. बॅटरी बदलायला किती मिनिटं लागावीत ही ओळ मी फार क्वचित पाहिली. जे कागदावर नाही त्यासाठी कुणी झटत नाही. तिथे कुणाचा वाईट हेतू असायची गरजच पडत नाही.

चिमटा

शेवटचा परिच्छेद अगदी पटला. माझं म्हणणं तेच आहे, फक्त तुम्ही ते नेमक्या जागी बोट ठेवून सांगितलंत.

अनघाताई, पाण्याबद्दल: गोंद हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. सॅमसंगच्या २०१४ च्या गॅलेक्सी एस५ ची पाठ नखाने निघायची, बॅटरी हाताने बदलता यायची आणि फोनला आयपी६७ (पाणी-धुळीपासून संरक्षणाचा) दर्जा होता. त्याच कंपनीच्या २०२२ च्या एक्सकव्हर६ प्रोमध्ये काढता येणारी बॅटरी आणि आयपी६८ दोन्ही आहे. हे साधतं रबरी गॅस्केटने. झाकण त्यावर सगळीकडून सारखं दाबलं गेलं की पाणी आत जात नाही. त्यासाठी झाकण ताठ हवं, खटके नीट हवेत, आणि थोडी जाडी जास्त द्यावी लागते. ही किंमत खरी आहे, ती मी लपवणार नाही. पण दुसरी बाजू बघा: गोंदाचा थरही वयानुसार कमकुवत होतो, आणि एकदा फोन उघडला की तो जसाच्या तसा पुन्हा बसत नाही. गॅस्केट मात्र नवं टाकता येतं.

मेमरीच्या बाबतीत हेमंतनी सांगितलेलं कारण खरंच होतं. आणि बघा, पुढे काय झालं. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कॅम२ प्रसिद्ध केलं. यात मेमरीची चपटी पट्टी प्रोसेसरच्या अगदी शेजारी स्क्रूने दाबून बसवतात, त्यामुळे अंतर कमी राहतं आणि कमी वीज खाणारी मेमरीही बदलता येते. २०२४ मध्ये ती असलेले लॅपटॉप बाजारात आले. अडचण खरी होती. ती सोडवायला हवी असं कुणाला तरी वाटलं, तेव्हा ती सुटली.

रेझिस्टर२२०

कपॅसिटरबद्दल थोडी भर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २००० तास असा कपॅसिटर घ्या. तो ८५ अंशांत ठेवला तर साधारण ८,००० तास चालेल, म्हणजे अखंड चालू असेल तर वर्षही पुरं नाही. तोच ६५ अंशांत ठेवला तर ३२,००० तास, साडेतीन वर्षांच्या वर. भाग तोच, खर्च तोच. फक्त हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) चिकटवून ठेवला की दोन बोटं लांब सरकवला, एवढाच फरक. एलईडी दिव्यांमध्ये उजेड देणारे एलईडी शाबूत आणि शेजारचा कपॅसिटर फुगलेला, हे किती वेळा पाहिलंय. दिव्याचं कवच वेल्ड करून बंद केलेलं असतं, त्यामुळे तो फेकण्यावाचून गत्यंतर नसतं.

जुनाजाणता

चिमटा, तुमचा लेख उघडण्यावर जास्त आहे. माझं सगळं आयुष्य दुरुस्तीच्या टेबलावर गेलंय, आणि मी सांगतो, उघडणं हा निम्मा भाग आहे. खरी अडचण पुढे येते: उघडल्यावर काय बिघडलंय ते कळणार कसं?

बंद पडलेला लॅपटॉपचा बोर्ड येतो. बाहेरच्या सप्लायवर लावला की किती करंट खातोय ते दिसतं. काहीच खात नसेल तर एक दिशा, भसकन खात असेल तर दुसरी. समजा मल्टिमीटरवर एक रेल (बोर्डवर ठरावीक व्होल्टची वीज नेणारी वाट) ग्राउंडला शॉर्ट मिळाली. एका रेलवर शंभर-दीडशे कपॅसिटर असू शकतात, सगळे समांतर जोडलेले, त्यामुळे मीटरला सगळेच शॉर्ट दिसतात. मग मी त्या रेलवर एक व्होल्ट सोडतो आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारतो. ओला बोर्ड चमकत असतो. मग एका ठिकाणी तो सगळ्यात आधी कोरडा पडतो. तिथेच गरम होतंय, तोच दोषी. मोहरीएवढा कपॅसिटर. तो उचलून टाकला की बरेचदा त्याच्याशिवायही बोर्ड चालू होतो.

पण हे कधी करायचं? तर ती रेल किती व्होल्टची आहे हे ठाऊक असेल तेव्हाच. प्रोसेसरच्या एक व्होल्टच्या रेलवर चुकून जास्त सोडला की संपलं. सर्किट डायग्राम हातात असेल तर हे काम सरळ आहे. नसेल तर अंदाज, जुन्या वह्या, आणि त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला बोर्ड शोधणं. जुन्या रेडिओ-टीव्हीच्या पाठीमागच्या झाकणाला आतून डायग्राम चिकटवलेला असायचा. बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असायचं की कुणीतरी हे उघडणार आहे.

दुसरं दुखणं सॉफ्टवेअरच्या कुलपाचं. एकाच मॉडेलचे दोन अस्सल फोन. एकाचा बोर्ड मेलेला, दुसऱ्याची काच फुटलेली. पहिल्याचा अस्सल डिस्प्ले दुसऱ्याला लावला तर तो चालतो, पण आपोआप उजेड कमी-जास्त होणं बंद, नाहीतर सारखी सूचना. का, तर भागाचा क्रमांक बोर्डशी बांधलेला. चोरीच्या फोनचे भाग विकले जाऊ नयेत म्हणून हे करतात असं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण चोरीची नोंद असलेला भाग अडवणं वेगळं आणि प्रत्येक भाग अडवणं वेगळं. अमेरिकेत ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून अशा बांधणीवर बंदी आणली, १ जानेवारी २०२५ नंतर विकल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी.

अनघा_पी

जुनाजाणता काका, अल्कोहोलचं वाचून थक्क झाले. हे इतकं बारीक काम असतं याची कल्पनाच नव्हती.

मुक्ता_का

सॉफ्टवेअरच्या बाजूने लिहिते, कारण हल्ली हार्डवेअर ठणठणीत असताना वस्तू मरतात त्या आमच्यामुळे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे कितीतरी संगणक त्या दिवशी तितकेच चांगले चालत होते जितके आदल्या दिवशी. फोनचं तेच. अपडेट थांबतात, मग बँकेचं ॲप चालेनासं होतं, मग फोन बदलावाच लागतो. बॅटरी बदलता येत असली तरी त्याचा उपयोग काय?

यात रचनेचा भाग असा: चिप बनवणारा आपल्या चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) देतो, ते एका ठरावीक कर्नलशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, जखडलेले असतात. त्याने हात वर केले की फोन बनवणाऱ्याची इच्छा असली तरी नवी आवृत्ती बसवणं महाकठीण. म्हणून चिप निवडतानाच तिला किती वर्षं आधार मिळणार हे करारात यायला हवं. फेअरफोन २ हा २०१५ चा फोन, त्याला २०२३ पर्यंत अपडेट मिळाले. चिपवाल्याने आधार केव्हाच सोडला होता, तरी छोट्या चमूने तो रेटला. आता युरोपीय संघाचा नियम आहे: २० जून २०२५ पासून तिथे आणलेल्या फोन आणि टॅब्लेटना विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट द्यायला हवेत. मोजणी विक्री थांबल्यापासून आहे हे महत्त्वाचं. मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजलं असतं तर उशिरा घेणाऱ्याच्या हाती काहीच उरलं नसतं.

सर्व्हरवर अवलंबून असलेल्या वस्तू त्याहून वाईट. कॅमेरा, दिवा, थर्मोस्टॅट, स्पीकर. कंपनीने सर्व्हर बंद केला की तोंडचं पाणी पळतं. अशा वस्तूला घरातल्या घरात चालण्याची सोय पहिल्या दिवसापासून असली पाहिजे, आणि आधार थांबवताना बूटलोडर (उपकरण सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा भाग) मोकळा करून द्यायला हवा. मग ज्यांना जमतं ते पुढे चालवतील. सुरक्षेचं काय, असं कुणी विचारेल. ज्या उपकरणाला यापुढे अपडेटच येणार नाहीत त्याचं कुलूप जपून सुरक्षा कशी वाढते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

हेमंतऋतू

मुक्ता, सहमत. पण या धाग्यात "सगळं सुटं करा" असा सूर लागायला लागलाय, तिथे थोडं थांबवतो. गूगलचा प्रोजेक्ट आरा आठवतो का? फोनचा प्रत्येक भाग ठोकळ्यासारखा बदलता यावा अशी कल्पना होती, २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. प्रत्येक जोड म्हणजे कनेक्टर. कनेक्टर म्हणजे जागा, वजन, वीजेचा ऱ्हास, आणि बिघडायची आणखी एक जागा. सगळं सुटं केलं तर उपकरण जाड होतं आणि लवकर बिघडतंही. मग तो दुरुस्तीला अनुकूल कचराच.

युरोपीय नियमातही हे धरलंय. फोनची बॅटरी सहज बदलता यावी, ही अट. किंवा मग ती ५०० चार्जनंतर ८३ टक्के आणि १००० चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखणारी हवी आणि फोन पाणी-धुळीला पुरून उरणारा हवा. म्हणजे दीर्घायुष्य हाही मार्ग मान्य केलाय.

चिमटा

हा फरक मलाही महत्त्वाचा वाटतो. मी सगळं सुटं करा म्हणत नाहीये. फोनमध्ये सहज हाताला लागायला हवेत असे भाग पाच-सहाच: बॅटरी, डिस्प्ले, पोर्ट, बटणं, स्पीकर, मागची काच. प्रोसेसर सोल्डर केलेला असला तर असू दे, तो क्वचितच जातो. फ्रेमवर्क या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये हाच विवेक दिसतो. एका पेचकसाने उघडतो, भागांवर स्कॅन करायचे कोड आहेत, पोर्ट सरकवून बदलता येतात आणि मुख्य बोर्ड अख्खा बदलता येतो. पण त्या बोर्डवरचा प्रोसेसर सोल्डरच केलेला आहे.

एक हजार चार्जच्या सवलतीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. बॅटरी टिकाऊ असणं चांगलंच. पण फोन पडून बॅटरी दबली, किंवा ती सदोषच निघाली, तर तिच्या टिकाऊपणाचा काय उपयोग? आणि रोज चार्ज केला तर हजार चार्ज तीनेक वर्षांतच होतात. अपडेट त्याहून जास्त वर्षं मिळणार असतील तर बॅटरी एकदा तरी बदलावी लागणारच. २०२३ च्या युरोपीय बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून इतर बहुतेक उपकरणांतल्या बॅटऱ्याही वापरणाऱ्याला काढता यायला हव्यात. कानात घालायच्या बिनतारी बड्सची खरी कसोटी तिथे लागेल. आज त्यातले बहुतेक बॅटरी थकली की संपले.

स्वरूप_दे

मी रिसायकलिंगच्या बाजूचा. धाग्याच्या सुरुवातीला आमच्या कामाला उशिराचं म्हटलंय त्याबद्दल राग नाही, कारण ते खरंच आहे.

आमच्यापर्यंत माल येतो तेव्हा दुरुस्तीला अवघड ते आम्हालाही अवघड. चिकटवलेली बॅटरी काढायला हाताने वेळ लागतो, आणि न काढता श्रेडरमध्ये (तुकडे करणाऱ्या यंत्रात) गेली तर आग. लिथियम बॅटऱ्यांमुळे कचऱ्याच्या गाड्यांना आणि प्रकल्पांना आगी लागणं हा जगभरचा प्रश्न झालाय. त्यामुळे बॅटरी पटकन निघेल अशी रचना केली तर दुरुस्तीवाल्याइतकाच फायदा आमचा आहे.

आणि लोकांना वाटतं की रिसायकल केलं म्हणजे सगळं परत मिळालं. तसं होत नाही. तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम चांगलं निघतं, कारण त्यांना भाव आहे आणि भट्टीत ते तांब्याबरोबर गोळा होतात. टँटलम, गॅलियम, स्पीकरच्या चुंबकातलं निओडिमियम हे बहुतांश राखेत किंवा मळीत जातं. दुर्मिळ मृदा धातूंच्या मागणीपैकी साधारण एकच टक्का ई-कचऱ्यातून भागतो. शिवाय चिप बनवायला जे अतिशुद्ध पाणी, रसायनं आणि वीज लागली ती कुठल्याच भट्टीतून परत येत नाही. फोनच्या एकूण कार्बन हिशोबातला मोठा वाटा तो बनवतानाचा असतो, चार्ज करण्याचा किरकोळ. म्हणून तोच फोन आणखी दोन-तीन वर्षं चालणं हे आमच्या उत्तमात उत्तम प्रकल्पापेक्षा मोलाचं आहे.

अनघा_पी

आता गिऱ्हाईक म्हणून प्रश्न. दुकानात गेल्यावर वस्तू दुरुस्त होणारी आहे की नाही हे मला कसं कळावं?

चिमटा

काही ठिकाणी आता पाटीवरच लिहिलेलं असतं. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दहापैकी गुण छापणं सुरू केलं. माहितीपत्रकं, उघडण्याची सोय, सुटे भाग मिळणं, त्यांची किंमत, आणि त्या त्या वस्तूपुरते खास निकष, असे पाच भाग. त्यातली गोम अशी की पाचही भागांना सारखं वजन आहे. कागदपत्रं चोख ठेवून उघडायला महाकठीण वस्तूलाही बरे गुण मिळू शकतात. युरोपीय संघाच्या फोनवरच्या लेबलवर जून २०२५ पासून ए ते ई असा दुरुस्तीचा वर्ग असतो. त्यात महत्त्वाच्या भागापर्यंत पोचायला किती पायऱ्या लागतात हेही मोजतात, ते मला जास्त पटतं.

लेबल नसेल तर विकत घेण्याआधी त्या मॉडेलचं दुरुस्तीचं पुस्तक निर्मात्याने उघड ठेवलंय का ते शोधा. असेल तर बॅटरी बदलण्याचं पान वाचा. ते पान किती लांब आहे, किती वेळा "तापवा" आणि "उचकटा" असं लिहिलंय, एवढ्यावरून अंदाज येतो. मग डिस्प्लेची किंमत बघा. ती नव्या उपकरणाच्या जवळ जात असेल तर बाकी सगळे गुण व्यर्थ. कुणी दुरुस्त करणारच नाही.

जुनाजाणता

किमतीच्या मुद्द्याला जोडून. भाग मिळतो म्हणतात, पण "भाग" किती मोठा ते बघा. कीबोर्डचं एक बटण गेलं तर कीबोर्ड, वरचं कवच, टचपॅड आणि चिकटवलेली बॅटरी असं अख्खं असेंब्ली घ्यावं लागतं, असे लॅपटॉप आहेत. वॉशिंग मशीनमध्ये टबचे दोन अर्धे वेल्ड केलेले असतात, आत बेअरिंग. बेअरिंग प्रमाणित आकाराचं, कुठेही मिळणारं. पण ते बदलायला अख्खा टब-ड्रम बदला म्हणतात. तोच टब स्क्रूने जोडलेला आणि मधे रबरी सील असेल तर बेअरिंग ठोकून काढता येतं.

एक सावधगिरीही लिहून ठेवतो, कारण वाचणारे उत्साहाने पेचकस घेऊन बसतील. सगळंच सगळ्यांनी उघडायचं नसतं. भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ. मायक्रोवेव्हमध्ये तर जीवघेणा. म्हणून रचना करणाऱ्यांनी दोन कप्पे करावेत. बॅटरी, पंखा, साठवण, पोर्ट हे वापरणाऱ्याच्या कप्प्यात. पॉवर सप्लाय वेगळ्या झाकणाखाली, ठळक खुणेसह, जाणकाराच्या कप्प्यात. सगळं एका झाकणाखाली ठेवून वर "उघडू नका" चिकटवणं ही रचना नव्हे.

चिमटा

दोन कप्प्यांची कल्पना नवीन कामाच्या गरजांच्या कागदात घालतो. त्यात या ओळी असाव्यात असं सुचवणार आहे: बॅटरी बदलायला कमाल किती मिनिटं, कोणकोणत्या अवजारांनी, झाकण किती वेळा उघड-बंद करून आटे शाबूत राहावेत, आणि पडण्याच्या चाचणीबरोबरच उघडून बंद केल्यानंतरची पाण्याची चाचणी. हेमंत, जुळणीच्या सेकंदांवरून कारखान्याकडून विरोध होईल, तिथे तुमचं मत हवंय.

काका, तुमच्यासाठी वेगळा प्रश्न. संपूर्ण सर्किट डायग्राम द्यायला बहुतेक कंपन्या तयार होत नाहीत, नक्कल होईल म्हणतात. तो नाहीच मिळाला तर किमान काय मिळालं तर तुमचं काम चालेल?

हेमंतऋतू

विरोध होईल. पण स्क्रूची संख्या दहावरून चारवर आणून उरलेलं काम खटक्यांनी केलं तर सेकंदांचा हिशोब जवळपास बसतो. पितळी इन्सर्ट मात्र सगळीकडे मागू नका. जे झाकण उघडलं जाणार आहे तिथेच मागा, मग हो म्हणतील.

जुनाजाणता

किमान म्हणाल तर: कोणती रेल कुठे आहे, किती व्होल्टची, आणि कोणत्या क्रमाने चालू होते. प्रत्येक रेलसाठी बोर्डवर एक टेस्ट पॉइंट (मीटर टेकवायची जागा) आणि त्याचं नाव छापलेलं. चांगल्या बोर्डवर प्रत्येक कनेक्टरच्या प्रत्येक पिनचं ग्राउंडशी मल्टिमीटरच्या डायोड मोडमधलं माप, म्हणजे बिघडलेल्या बोर्डशी ताडून बघता येईल. फ्यूज कुठे आहेत ते. आणि कोणता भाग कुठे आहे हे दाखवणारा बोर्डचा नकाशा, आतली जोडणी झाकली तरी चालेल. यातून कुणी तुमचा बोर्ड नक्कल करू शकणार नाही, आणि माझ्याकडे येणारे निम्मे बोर्ड तरी उठून बसतील.

मुक्ता_का

त्यात एक घाला: बिघाडाची नोंद उपकरणात राहते, ती कंपनीच्या खास सॉफ्टवेअरशिवाय वाचता यावी. साधी मजकुराची फाइल, यूएसबीवरून. आम्ही ती लिहितोच, फक्त कुलपात ठेवतो.